येळवस : सीमाभागातील एका शेतसणाचा इतिहास

कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुका पश्चिमेकडे सोलापूरच्या अक्कलकोट तालुक्याला आणि उत्तरेकडे धाराशिवच्या उमरगा तालुक्याला भिडलेला असून, निंबर्गा हे या तालुक्यातील एका होबळीचे, म्हणजे महसुली कामासाठी एकत्र बांधलेल्या गावांच्या गटाचे, मुख्य ठिकाण आहे. या पट्ट्यात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच आठवडी बाजारात चालतात, लग्नसंबंध राज्याची हद्द विचारात न घेता जुळतात आणि वर्षातून एक दिवस असा येतो की या तिन्ही भाषांची माणसे घराला कडी घालून शेताची वाट धरतात. मार्गशीर्ष अमावास्येचा हा दिवस मराठी बोलीत येळवस, वेळ अमावास्या किंवा दर्शवेळा अमावास्या आणि कन्नडमध्ये तिळाच्या नावाने एळ्ळ अमावास्या म्हणून ओळखला जातो. बिदर, कलबुर्गी आणि विजयपूर हे कर्नाटकातील जिल्हे, तसेच लातूर, धाराशिव आणि सोलापूरचा पूर्वभाग या सलग प्रदेशात तो पाळला जातो. नाशिक, पुणे किंवा विदर्भातील शेतकऱ्याला मात्र या दिवसाची बहुधा माहितीही नसते. सणाचा नकाशा कोणत्याही आजच्या राज्याच्या नकाशाशी जुळत नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने पहिल्यांदा लक्षात घ्यावी अशी हीच गोष्ट आहे.

महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही प्रदेशांत अमान्त पंचांग, म्हणजे अमावास्येला महिना संपवणारी कालगणना, चालते, त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना हा दिवस एकच येतो. उत्तर हिंदुस्थानातील पौर्णिमान्त गणनेप्रमाणे हीच अमावास्या पौष महिन्यात धरली जाते. चांद्र महिन्यांमुळे दरवर्षी तारीख सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे येते. शके 1945 मध्ये अधिक श्रावण आल्याने त्या वर्षीची येळवस लांबून 11 जानेवारी 2024 रोजी आली, तर पुढच्या वर्षीची त्याच इसवी सनात 30 डिसेंबरला साजरी झाली. असे असले तरी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतच्या चार-पाच आठवड्यांच्या बाहेर हा सण जात नाही, आणि पिकाच्या दृष्टीने तेवढी लवचीकता पुरेशी असते. अधिक महिन्याची ही सोय नसलेल्या हिजरी सनाला ऋतूंशी असा मेळ राखता येत नाही. म्हणूनच इजिप्तमधील मुसलमान शेतकरी धार्मिक सणांसाठी हिजरी महिने मोजत असले, तरी पेरणी, कापणी, थंडी आणि वारे यांचा हिशेब शतकानुशतके कॉप्टिक, म्हणजे तेथील प्राचीन ख्रिस्ती समाजाने जपलेल्या, सौर महिन्यांवर ठेवत आले. तूबा हा कडाक्याच्या थंडीचा आणि अम्शीर हा वावटळींचा महिना हे तेथील खेड्यांत धर्म कोणताही असला तरी सर्वांना पाठ असते. आळंद-उमरगा भागात हेच काम चांद्र-सौर पंचांग आणि पावसाची नक्षत्रे करतात.

दख्खनच्या लाव्हा खडकांपासून झालेली काळी, खोल, ओल धरून ठेवणारी माती हा या प्रदेशाचा खरा पाया आहे. परतीच्या पावसाची ओल जमिनीत मुरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरली जाते. या पिकाचे मालदांडी हे प्रसिद्ध वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडले गेले, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना ते आजही पेरले जाते. मार्गशीर्ष अमावास्येपर्यंत शाळू पोटरीत किंवा निसवण्याच्या अवस्थेत असतो, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, करडई फुलाकडे वळलेली असते आणि जूनमध्ये पेरलेल्या तुरीच्या शेंगा भरून काही ठिकाणी काढणीला येतात. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट स्थळाच्या मालाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळाला, त्यामागे हीच माती आणि हाच हंगाम आहे. एक पीक हाताशी आलेले आणि दुसरे पोटात दाणा धरू लागलेले, अशा संधीवर हा सण बसलेला आहे. उत्तर कर्नाटकात आश्विन पौर्णिमेला शीगी पौर्णिमा हा असाच शेतात जाण्याचा सण असून त्या दिवशी भूमीला गर्भवती मानून तिचे डोहाळे पुरवले जातात. येळवसेमागेही हीच कल्पना असल्याचे दोन्ही भाषांतील शेतकरी सांगतात, आणि शेतात नेल्या जाणाऱ्या पदार्थांचे वैपुल्य पाहता ते पटण्यासारखे आहे.

पूजेचा विधी पुरोहिताविना होतो. सूर्य वर आला की घरातील माणसे नैवेद्याच्या दुरड्या घेऊन निघतात. आंबिलीचे भांडे डोक्यावर चुंबळ ठेवून सांभाळत नेले जाते. शेतात कडब्याच्या पाच-सात पेंढ्या शेंड्याकडे एकत्र बांधून, बुडाकडे फाकवून, त्यांची कोप, म्हणजे तोंड पूर्वेकडे असलेली लहान खोपी, उभी करतात आणि तिच्यावर हिरवे वस्त्र किंवा शाल पांघरतात. आत पाच दगड चुन्याने रंगवून, त्यांवर काव आणि हळदकुंकवाची बोटे ओढून मांडले जातात. हे पाच पांडव. त्यांच्यासोबत लक्ष्मीची स्थापना असते. काही शेतांत कोप न उभारता बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाखालीच पाच दगडांची पूजा होते, आणि हे रूप कन्नडभाषक गावांत अधिक दिसते. नैवेद्य दाखवून झाल्यावर चर शिंपण्याचा, कन्नडमध्ये चरग टाकण्याचा, विधी होतो. एक जण आंबील आणि नैवेद्याचे मिश्रण असलेले भांडे घेऊन बांधाबांधाने शेताला फेरी घालतो, पिकावर ते शिंपडत जातो आणि ठरलेली आरोळी देतो, तिला मागून चालणारा ठरलेल्या शब्दांनी उत्तर देतो. लातूर-औशाकडील निखळ मराठी बोलणाऱ्या गावांतही या आरोळीचे शब्द कन्नड वळणाचे आहेत आणि ते म्हणणाऱ्यांना त्यांचा अर्थ सांगता येत नाही. तरीही ते बदललेले नाहीत. काही गावांत दिवेलागणीला बोळक्यात दूध तापवून उतू घालवतात आणि ते ज्या दिशेला सांडेल त्यावरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधतात, तर लातूरच्या बाजूला पेटवलेल्या पेंढीचा हेंडगा घेऊन पिकाभोवती धावत फेरी काढली जाते.

या सणाचे मन मात्र जेवणात आहे. मुख्य पदार्थ भज्जी असून तिचा तळलेल्या भज्यांशी काही संबंध नाही. तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, ओल्या भुईमुगाचे दाणे, वांगी, गाजर, मेथी, चुका, कांद्याची पात असे त्या आठवड्यात शिवारात आणि बाजारात जे हिरवे मिळेल ते सारे मोठ्या पातेल्यात एकत्र शिजवले जाते, चिंचेच्या कोळाने आंबट केले जाते आणि ताकात किंवा पाण्यात कालवलेले हरभऱ्याचे पीठ लावून घट्ट केले जाते. शेंगा सोलण्याचे आणि भाज्या निवडण्याचे काम आदल्या दुपारपासून चालते, आणि शेजारणी एकमेकींच्या ओट्यावर बसून ते उरकतात. भज्जीबरोबर सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे, वाफवलेले उंडे असतात. हे गोळे हाताने फोडून भज्जीत कुस्करून खायचे असतात. त्याशिवाय सजगुऱ्याची तीळ लावलेली भाकरी, शेंगदाण्याची आणि तिळाची पोळी, गव्हाचा गोड खिचडा, धपाटे, वांग्याचे भरीत असा बेत असतो. शेवटी येते ती आंबील. ज्वारीचे पीठ रात्रभर आंबवून शिजवलेल्या या पातळ पेयात ताक, लसूण, आले आणि जिरे घालून ते मातीच्या भांड्यात गार होऊ देतात, आणि भर दुपारच्या उन्हात पोटभर जेवणानंतर तांब्याने ती पिण्याची पद्धत आहे. वाटेने जाणारा अनोळखी माणूस हाक मारून बांधावर बसवला जातो, आणि त्याने नाही म्हणणे अपमानाचे मानले जाते.

जगात या सणाचे अगदी जवळचे भावंड शोधायचे तर ते नाईलच्या काठी सापडते. इजिप्तमध्ये कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी येणारा सोमवार शम्म अल-नसीम, म्हणजे वाऱ्याची झुळूक हुंगण्याचा दिवस, म्हणून पाळला जातो. तारीख ख्रिस्ती पंचांगावरून ठरते, परंतु सण मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांचा आहे आणि त्याची सरकारी सुट्टी साऱ्या देशाला असते. कुटुंबेच्या कुटुंबे पहाटेपासून शेते, बागा आणि नदीकाठ गाठतात आणि तेथे बसून रंगवलेली अंडी, खारवून मुरवलेला फसीख हा मासा, कांद्याची पात, सॅलडची पाने आणि मलाना, म्हणजे हरभऱ्याचे हिरवे घाटे, खातात. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने 1836 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कैरोचे लोक या दिवशी सकाळी कांदा फोडून हुंगतात आणि मोकळ्या हवेत जेवायला शहराबाहेर पडतात असे नोंदवले आहे, आणि आज जवळजवळ दोन शतकांनंतरही सणाचे रूप तेच आहे. या दिवसाचे मूळ फारोंच्या काळातील शेमू या सुगीच्या ऋतूत असल्याचे इजिप्तमध्ये सर्वत्र मानले जाते. राजवंश गेले, भाषा बदलली, धर्म दोनदा बदलला, आणि कांद्याची पात व ओला हरभरा घेऊन शेताकडे निघण्याची रीत मात्र टिकली, ही गोष्ट आळंद तालुक्यातील वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. आंबवलेल्या आंबिलीच्या आणि मुरवलेल्या फसीखच्या जोडीला दोन्हीकडे ताजी हिरवाई एकाच पंगतीत आलेली आहे. दोन्ही देशांत यामागे कोणती देवाणघेवाण झाली असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. शेतीवर जगणारा समाज पीक हाताशी येताना काय करतो याची ही स्वतंत्रपणे घडलेली दोन उदाहरणे आहेत.

येळवसेचे वय ठरवणे लिखित पुराव्याने कठीण आहे, कारण मंदिर, मठ किंवा दरबार यांपैकी कशाशीही तिचा संबंध नसल्याने दानपत्रांत आणि बखरींत तिला जागा मिळण्याचे कारण नव्हते. तरी काही दिशा दिसतात. बंगालच्या परिसरातला मानला जाणारा कृषिपराशर हा संस्कृत ग्रंथ भातशेतीच्या संदर्भात पुष्ययात्रा नावाच्या उत्सवाचे वर्णन करतो. पौष महिन्यात कापणीपूर्वी शेतकऱ्यांनी शेतातच जमून सहभोजन करावे, गावे, नाचावे, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे हंगामाच्या याच टप्प्यावर शेतात जेवण्याची कल्पना उपखंडात जुनी आणि दूरवर पसरलेली होती. दुसरी दिशा भाषेची आहे. लातूरचे प्राचीन नाव लट्टलूर असून राष्ट्रकूट राजे स्वतःला त्या श्रेष्ठ नगराचे अधिपती म्हणवत; त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. नवव्या शतकात अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारी रचलेल्या कविराजमार्ग या ग्रंथाने कावेरीपासून गोदावरीपर्यंतची भूमी कन्नडची म्हणून सांगितली. गोदावरीच्या दक्षिणेचा हा पट्टा पुढच्या शतकांत हळूहळू मराठी झाला, परंतु शेताच्या बांधावरची आरोळी जुन्या भाषेतच राहिली. येळवस पाळणाऱ्या मराठी गावांचा प्रदेश आणि त्या काळच्या कन्नड-मराठी सरमिसळीचा प्रदेश इतका एकसारखा आहे की हा सण कन्नड कृषिसंस्कृतीतून मराठीने वारशाने घेतला, हे अनुमान सर्वांत सयुक्तिक ठरते. पांडवांची कथा त्यावर नंतर चढलेली असावी; पाच दगडांची पूजा खेड्यापाड्यांत इतर अनेक नावांनीही होते.

निजामाच्या हैदराबाद राज्यात या मुलखाचा मोठा भाग एका सत्तेखाली होता. तेथील कारभार फसली सनाने चाले. फसल म्हणजे पीक. सारावसुलीचा हिशेब सुगीशी जुळावा म्हणून मोगलांनी आणलेली ही कालगणना असून दक्षिणी फसली आकड्यात 590 मिळवले की साधारणपणे इसवी सन मिळतो. हैदराबादेत हे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने उघडे. पिकाच्या नावाने चालणाऱ्या या सरकारी सनाच्या सुट्ट्यांत मात्र पिकाचा सण नव्हता. कचेऱ्या आणि शाळा शुक्रवारी बंद असत, ईद, मोहरम आणि मोठ्या हिंदू सणांना सुट्टी असे, आणि येळवस गावाने आपल्या हिशेबाने पाळायची असे. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर शुक्रवारच्या जागी रविवार आला, फसली महिने दप्तरातून गेले आणि नवे राष्ट्रीय दिवस आले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेने हैदराबादचे तीन तुकडे झाले. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले, बिदर, भालकी, हुमनाबाद आणि गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी, जिल्ह्याचा बहुतेक भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात आले. 1982 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा झाला. राज्ये वेगळी झाल्यावर एकाच शिवाराच्या दोन टोकांना सुट्ट्याही वेगळ्या झाल्या. उमरग्याला 1 मे हा राज्याचा दिवस, निंबर्ग्याला 1 नोव्हेंबर; 17 सप्टेंबर दोन्हीकडे आहे, परंतु तिकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि इकडे 2019 पासून कल्याण कर्नाटक उत्सव दिन या नावाने.

येळवसेच्या बाबतीत महाराष्ट्राच्या प्रशासनाने एक शहाणपणाचा मार्ग काढला. जिल्हाधिकाऱ्यांना दरवर्षी काही स्थानिक सुट्ट्या जाहीर करण्याचा अधिकार असतो, आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांत त्यांपैकी एक सुट्टी वेळ अमावास्येसाठी ठेवण्याची प्रथा पडली आहे. त्या दिवशी लातूर शहराच्या बाजारपेठा ओस असतात आणि वाहने शहराबाहेरच्या वाटांवर दिसतात. कर्नाटकाच्या सर्वसाधारण सुट्ट्यांच्या यादीत महालय अमावास्या आहे, एळ्ळ अमावास्या नाही. तरीही आळंद आणि बसवकल्याण तालुक्यांतील गावे त्या दिवशी तशीच शेतात असतात. इजिप्तने 2002 साली कॉप्टिक नाताळाला, म्हणजे 7 जानेवारीला, साऱ्या राष्ट्राची सुट्टी दिली, ती शतकानुशतके पाळल्या जाणाऱ्या दिवसाला सरकारने उशिरा दिलेली मान्यता होती. कलबुर्गी आणि बिदर जिल्ह्यांतील येळवसेलाही अशी स्थानिक मान्यता मिळणे सर्वथा उचित आहे, कारण येथील कोणत्याही एका जातीचा किंवा पंथाचा नसलेला दुसरा इतका मोठा दिवस दाखवता येणार नाही.

तथापि शेताभोवती फिरणारा सण शेत असलेल्याचाच असतो, ही त्याची जुनी मर्यादा दडवण्याचे कारण नाही. जहागिरी आणि पायगा, म्हणजे निजामाच्या सरदारघराण्यांना तोडून दिलेले मुलूख, यांच्या काळात राबणारा कूळ होता आणि जमीन दुसऱ्याची होती. सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतावर ठेवलेला मजूर, पूजेला हजर असे, पण कोप मालकाच्या नावाची असे, आणि जातीच्या रिवाजाप्रमाणे पंगतीही वेगळ्या बसत. 1949 मध्ये हैदराबाद राज्यात जहागिरी रद्द झाल्या आणि 1950 च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, तेव्हापासून स्वतःच्या बांधावर स्वतःची कोप उभारणाऱ्या घरांची संख्या वाढली असली पाहिजे. भूमिहीनांना शेजाऱ्यांनी आग्रहाने बोलावून नेण्याची रीत आजच्या सणात ठळक आहे, आणि पुणे, मुंबई, हैदराबादला कामासाठी गेलेली माणसे या दिवसासाठी परततात तेव्हा त्यांत जमीन नसलेलेही असतात.

सणाला खरा धोका राज्यांच्या हद्दीपासून नाही, तो पीकपद्धतीच्या बदलापासून आहे, आणि या बाबतीत नाईलची दुसरी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ऑगस्टमध्ये नदीचा पूर पुरेसा चढला की कैरोत वफा अल-नील हा उत्सव होई. रोडा बेटावरील 861 साली बांधलेल्या मापस्तंभावर पाण्याची उंची पाहून शहरातील खलीज नावाच्या कालव्याचा बांध फोडला जाई आणि त्यावरच त्या वर्षीचा सारा ठरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो कालवा बुजवून त्यावरून ट्राम धावू लागली, 1970 मध्ये अस्वानचे उंच धरण पुरे झाले आणि वार्षिक पूर थांबला. उत्सवाचे नाव उरले, पण ज्या पाण्यासाठी तो होता ते पाणी येईनासे झाले. येळवसेचा तसा पूर म्हणजे शाळू आहे. लातूरकडे सोयाबीनने आणि त्यामागून घेतल्या जाणाऱ्या हरभऱ्याने रब्बी ज्वारीची जागा घेतली, आळंद तालुक्यात अमर्जा नदीवरचे धरण आणि भूसनूरचा साखर कारखाना यांनी उसाला वाट दिली, आणि बैल कमी झाल्याने कडब्याची घरची गरजही घटली. उसाच्या फडात चर शिंपायला बांधावरून फिरता येते, पण आत शिरता येत नाही. ज्या घरी शाळू नाही त्या घराला कोपीसाठी कडब्याच्या पेंढ्या शेजाऱ्याकडून मागून आणाव्या लागतात आणि भज्जीसाठी तुरीच्या शेंगा, वाल, सोलाणे आठवडी बाजारातून विकत घ्यावे लागतात. निंबर्ग्याच्या परिसरात तूर अजून भरपूर असल्याने भज्जीचे मुख्य धान्य बांधावरच मिळते. कलबुर्गीच्या तुरीला मिळालेल्या भौगोलिक निर्देशांकासारखा आधार रब्बी ज्वारीच्या भावालाही मिळाला, तर कोपीच्या पेंढ्याही त्याच शेतातून निघत राहतील.